गालांतील मेद काढण्यापूर्वी

विवाह ठरलेल्या तरुणी, आणि आता तरुणही, गाल बारीक करणाऱ्या शस्त्रक्रियेविषयी आमच्याकडे विचारणा करू लागले आहेत. ‘हा आपला विषय नव्हे’ असे सांगून त्यांना परत पाठविणे आम्हांस उचित वाटत नाही. शस्त्र दुसऱ्याच्या हाती असले तरी सल्ल्यासाठी रुग्ण प्रथम घरच्या वैद्याकडेच येतो.

गालाच्या आतून छेद घेऊन तेथील मेदपिंड अंशतः काढतात. बाहेर व्रण दिसत नाही, म्हणून हे कर्म किरकोळ समजले जाते. वस्तुतः वरच्या दुसऱ्या दाढेसमोर उघडणारी लालाग्रंथीची नलिका आणि चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या शाखा त्या पिंडाला लागूनच असतात. शिवाय काढलेला हा मेद पुन्हा भरून येत नाही. वयपरत्वे चेहऱ्यावरील मेद स्वभावतःच क्षीण होतो; पंचविशीत शोभणारा खळगा पंचेचाळिशीत आजारपणाची कळा आणू शकतो.

सुपारी खाणाऱ्यास तर आम्ही अधिक सावध करतो. गुटखा-सुपारीमुळे तोंड उघडेनासे झालेल्या रुग्णांत तंतुमय पट्टे कापल्यानंतरचा व्रण झाकण्यास मुखशल्यचिकित्सक हाच मेदपिंड वापरतात. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, सुपारी मात्र सुटलेली नाही. पुढे कामी येऊ शकणारा हा ठेवा केवळ शोभेसाठी काढावा काय?

गाल भरलेले दिसले की कारण मेदच, असेही गृहीत धरू नये. थायरॉईडचे विकार, लालाग्रंथीचा शोथ, चर्वणपेशींची वाढ हे सारे तपासावे. आणि स्टिरॉइड! सांधेदुखीवर ‘आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटकद्रव्ये न छापलेल्या पुड्यांत ते आढळल्याची उदाहरणे आहेत. त्याने चेहरा चंद्रासारखा गोल होतो. औषधालय चालविणाऱ्या मित्रांनी अशा पुड्या दुकानात ठेवू नयेत, हे स्पष्टच लिहितो. मात्र दीर्घकाळ घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद करविणेही घातक ठरते.

त्याचबरोबर, शस्त्रक्रियेस पर्याय म्हणून लेप वा उद्वर्तनाने गाल उतरविण्याचे आश्वासन कोणी देऊ नये. हा पिंड वजन उतरल्यावरही फारसा घटत नाही. मग वरून चोळून काय साधणार?

शस्त्रक्रिया करण्याचे ठरलेच, तर रसोन, गुग्गुळ यांसह चालू असलेली सर्व औषधे शल्यचिकित्सकास लेखी कळवावीत. सूज पूर्ण ओसरून खरा आकार दिसण्यास काही महिने लागतात. लग्न महिन्यावर आले असता विचारणाऱ्यास आम्ही सरळ ‘नको’ म्हणतो.