शाल-नारळाच्या पलीकडे

दरवर्षी ६ जानेवारीला आमच्या भागात बातमीदारांचा सत्कार होतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, म्हणून पत्रकार दिन. शाल, नारळ, दोन भाषणं. पत्रकार म्हणजे लोकशाहीचा चौथा खांब, असं पुढारी सांगतात. दुसऱ्या दिवशी त्याच खांबाला कोणी धक्का मारला, तर सावरायला एक हात पुढं येत नाही. माझाही आला नव्हता.

बपेऱ्याहून नदी ओलांडली की मध्यप्रदेश. नदीत रेती, आणि रेती तिथं पैसा. माझ्या बांधीजवळचा रस्ता टिप्परांनी फोडला तेव्हा मीच आमच्या बातमीदाराला फोन केला. पोरगा मोटारसायकलवर आला, फोटो काढले, बातमी छापून आली. आठ दिवसांनी पानठेल्यावर दोघांनी त्याची कॉलर धरली. मी तिथंच चहा पीत होतो. चहा संपवला, पैसे दिले, घरी आलो. पुढं भेटला तेव्हा एवढंच म्हणाला, “तुमीच त बलावलं होतं ना जी, काका?”

शहरातल्या वाचकाला वाटत असेल, त्याच्यामागं पेपर आहे. कुठला पेपर? त्याला पगार नाही, नेमणुकीचं पत्र नाही. जाहिरातीचं कमिशन तेवढं मिळते. आणि जाहिरात कोण देते? तोच ठेकेदार, तोच पुढारी. काही जण पाकीट घेतात, हेही खरं. पण उपाशी ठेवून इमान मागणारे आपण कोण?

पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रानं २०१७ साली कायदा केला. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. चांगलं आहे. पण कायद्यातला पत्रकार म्हणजे ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारिता आणि जो नोकरीवर किंवा करारावर आहे तो. आमचा बातमीदार सकाळी धानाला पाणी देते आणि दुपारी बातमी पाठवते. तो त्यात कसा बसंल?

राजापूरचे शशिकांत वारिशे रिफायनरीच्या वादावर लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्याविषयी त्यांनी लिहिलं होतं, त्याच्यावरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. कायदा तेव्हाही होता.

आणखी पूर्वेला बस्तर. तिथले साई रेड्डी यांना पोलिसांनी माओवाद्यांचा माणूस म्हणून तुरुंगात टाकलं, आणि २०१३ साली माओवाद्यांनीच त्यांना मारलं. दोन्हीकडच्यांना तो नको होता, कारण तो कोणाचाच नव्हता. मुकेश चंद्राकरनं २०२१ साली माओवाद्यांच्या ताब्यातला जवान सोडवून आणायला मदत केली होती. रस्त्याच्या कामातला भ्रष्टाचार त्यानं दाखवला. १ जानेवारी २०२५ ला तो बेपत्ता झाला. पत्रकार दिनाच्या तीन दिवस आधी त्याचं प्रेत ठेकेदाराच्या आवारातल्या सेप्टिक टाक्यात सापडलं.

या सगळ्यांना मारणारे वेगवेगळे. पण बातमी सगळ्यांना पाहिजे आणि बातमीदार कोणालाच नाही, हे सगळीकडं सारखंच. मुंबई-दिल्लीचा पत्रकार बातमी करून परत जाते. इथला रात्री त्याच गावात झोपते, ज्याच्याविरुद्ध लिहिलं त्याच्याच दारावरून लेकराला शाळेत नेते.

म्हणून पेपरच्या मालकांना सांगतो, ज्याच्या नावानं बातमी छापता, त्याला नेमणुकीचं पत्र द्या, विमा द्या, वकील द्या. शहरवाल्यांनो, खेड्यातली बातमी वाचली की ती पाठवणाऱ्याचं काय झालं, तेही विचारा. आणि गाववाल्यांनो, तो ठाण्यात तक्रार द्यायला निघाला, तर दहा जण सोबत जा. साक्षीला नाव द्या. ग्रामसभेत ठराव घ्या. माणूस एकटा दिसला की मारणाऱ्याची हिंमत वाढते.

पुढच्या ६ जानेवारीला मी शाल द्यायला जाणार नाही. त्या पोराची तक्रार अजून द्यायची राहिली आहे. त्याची तयारी असंल, तर साक्षीदार म्हणून पहिलं नाव माझं लिहायचं. तो चहा मला अजून पचला नाही.