कपाटाची किल्ली

आमच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतलं काचेचं कपाट. पुस्तकं फाटतील म्हणून त्याला कायम कुलूप. आम्ही बाहेरूनच नावं वाचायचो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू करून हा हिशेबच उलटा मांडला: शंभर पुस्तकांची पेटी थेट वाचकांच्या हाती. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या गावाला हे सुचलं, यात नवल ते काय! आता मुलं प्रकल्पासाठी मोबाइलवर पहिलं सापडेल ते उतरवून काढतात, चुकांसकट. ते पुस्तकाशी ताडून बघायला शिकवणारं माणूस शाळेत हवं, नुसते संगणक मांडून भागत नाही. येत्या १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनी, भाषणं जरा आवरा आणि कपाटाची किल्ली तेवढी मुलांकडे द्या.