सहीच्या वरचा शब्द

‘‘ताई, मी फक्त साक्षीला सही केली होती हो,’’ असं म्हणत आमच्या बचत गटातल्या एक अक्का गेल्या पावसाळ्यात माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात नोटीस होती. शेजारणीने कर्ज काढलं, हप्ते थकले आणि आता ते अक्कांनी भरावेत, असा त्यात मजकूर. मी कर्जाचे कागद मागवून पाहिले. अक्कांच्या सहीच्या वर इंग्रजीत एकच शब्द छापलेला होता, ‘गॅरंटर’. साक्षीदार नव्हे, जामीनदार!

विटनेस म्हणजे ‘ही सही माझ्यासमोर झाली’ एवढंच सांगणारा. गॅरंटर म्हणजे ‘त्याने नाही फेडलं तर मी फेडीन’ असं लिहून देणारा. १८७२च्या भारतीय करार कायद्यानुसार, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. सही घेणाऱ्या माणसाने ‘साक्षीदार म्हणून करा’ असं तोंडी सांगितलं होतं खरं, पण तोंडी बोलण्याचा पुरावा कुठून आणायचा? वकिलांना भेटलो, शेजारणीला समजावलं. आज निम्मा हप्ता ती भरते, निम्मा अक्कांच्या विडीच्या मजुरीतून जातो. एका शब्दाची एवढी किंमत!

मैत्रिणींनो, मी सोलापूरची. आमच्या शहराच्या पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका आहेत. घरात तेलुगू, बाजारात मराठी, टीव्हीपुढे हिंदी आणि कित्येकींना कानडीही समजतं. अशी तीन-चार भाषा कोळून प्यालेली बाई खुशाल म्हणते, ‘‘आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय?’’ का, तर इंग्रजी येत नाही म्हणून. मला याचं फार वाईट वाटतं.

आणि आम्ही शिकलेल्या तरी कुठल्या शहाण्या? मी मराठी माध्यमातून बी.ए. झाले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं घोकली, निबंध पाठ केले आणि पास झाले. लग्नानंतर ‘तीस दिवसांत इंग्रजी’ छापाची पुस्तकंही आणली. त्यात ‘ए’पासून सुरुवात. चौथ्या दिवशी पाहुणे आले, पुस्तक माळ्यावर गेलं. पुढे घराचं कर्ज घेतलं तेव्हा कागदावर ‘प्रिन्सिपल’ आणि ‘इंटरेस्ट’ हे शब्द दिसले. मला प्रिन्सिपल म्हणजे कॉलेजचे प्राचार्य आणि इंटरेस्ट म्हणजे आवड, एवढंच ठाऊक! मुद्दल आणि व्याज हे अर्थ मला यजमानांनी हसत हसत सांगितले. त्यांच्या हसण्यात मीही हसले, पण आत कुठेतरी लागलंच.

सासूबाईंच्या आजारपणात तर माझी चूकच झाली. दुखण्याच्या गोळीपुढे डॉक्टरांनी ‘एस.ओ.एस.’ लिहिलं होतं. त्याचा अर्थ ‘गरज पडली तरच’. मी मात्र इतर गोळ्यांसारखी तीही दिवसातून तीनदा देत राहिले. पुढच्या तपासणीला हे उघड झालं. सुदैवाने अपाय झाला नाही. पण डॉक्टरांना त्याच वेळी अर्थ विचारायला मला लाज का वाटली? पदवीधर बाईने कसं विचारायचं, म्हणून. ही लाजच आपली खरी शत्रू आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत झालं आहे की, शब्द पाठ करायचे तर शब्दकोशाच्या क्रमाने नव्हे, आपल्या गरजेच्या क्रमाने करावेत. अक्कांच्या प्रसंगानंतर आम्ही रविवारी दुपारी तासभर बसतो. नियम एकच. प्रत्येकीने घरातला एक इंग्रजी कागद आणायचा आणि त्यातल्या एकाच कागदावरचे पाच शब्द शिकायचे. कधी विजेचं बिल, कधी औषधाचं वेष्टन, कधी पासबुक, कधी प्रॉव्हिडंट फंडाचा मोबाइलवरचा संदेश. ‘ड्यू डेट’ म्हणजे पैसे भरण्याची शेवटची तारीख. ‘डेबिट’ म्हणजे खात्यातून गेले, ‘क्रेडिट’ म्हणजे खात्यात आले. ‘मिसमॅच’ म्हणजे दोन कागदांवरचं नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. ‘नॉमिनी’ म्हणजे आपल्या पश्चात बँकेने ठेवीचे पैसे ज्याच्या हाती द्यायचे तो. तो आपोआप वारस ठरत नाही, हे ऐकून वर्गात केवढी चर्चा झाली!

एकच शब्द ठिकठिकाणी भेटला की तो पक्का होतो, हेही इथेच उमगलं. ‘एक्स्पायरी’ औषधाच्या पाकिटावर असते, एटीएमच्या कार्डावर असते. एक मावशी हळूच म्हणाल्या, ‘‘आमचे हे गेले तेव्हा दवाखान्यात नर्सबाई ‘एक्स्पायर झाले’ म्हणाल्या. मला समजलंच नाही. मी डबा घेऊन बसूनच राहिले.’’ त्या दिवशी वर्गात कुणी पुढचा शब्द विचारला नाही.

उच्चाराचा बाऊ आम्ही करत नाही. आधी अर्थ, मग उच्चार. शिकलेला शब्द भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहायचा. येता-जाता नजर पडते. नाहीतरी तिकीट, बस, पेन हे शब्द आपण कुठल्या वर्गात शिकलो होतो? वापरले म्हणून ते आपले झाले.

काही जण मला विचारतात, ‘‘महाराष्ट्रात राहून इंग्रजीचे लाड कशाला? कागदच मराठीत द्यायला लावा.’’ अगदी बरोबर! बँकांनी ग्राहकांना द्यायचे छापील अर्ज हिंदी, इंग्रजी आणि स्थानिक भाषेत असावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचनाच आहे. तेव्हा ‘मराठी अर्ज द्या’ असं ठणकावून मागायलाच हवं. आम्ही मागतो. पण कुठे तो संपलेला असतो, कुठे दवाखान्यात रात्री दोन वाजता संमतीपत्र पुढे येतं. तेव्हा भाषेचा लढा उद्यावर टाकता येतो, सही टाकता येत नाही. दोन्ही करायला हवं. आणि शब्द अडला तर ‘याचा अर्थ मराठीत सांगा, मग सही करते’ हे वाक्य तर कुठल्याच पुस्तकातून शिकावं लागत नाही.

परवा गटातल्या एकीच्या कर्जाचा अर्ज भरायचा होता. कारकुनाने अक्कांपुढे कागद सरकवला, ‘‘मावशी, इथं सही.’’ अक्कांनी चष्मा लावला, बोट शब्दावर ठेवलं आणि विचारलं, ‘‘हे विटनेस आहे का गॅरंटर?’’ तो गडबडला, म्हणाला, ‘‘विटनेसच.’’ अक्का म्हणाल्या, ‘‘मग वाचून दाखवा.’’

त्याने वाचून दाखवलं. अक्कांनी सही केली.