स्मृतिभ्रंशाची सुरुवात पन्नाशीत होते

वय वाढले की मेंदू थोडा आक्रसतो, नाव ओठांवर येऊन अडते, नवे काही लक्षात ठेवायला जास्त घोकावे लागते. हे सगळ्यांचेच होते. पण जन्मभर तुडवलेली मळ्याची वाट चुकणे, जेवून तास होत नाही तोच पुन्हा ताट मागणे, सुनेवर पैसे चोरल्याचा आळ घेणे हे वयाचे लक्षण नव्हे, आजाराचे आहे. सातारा-सांगलीच्या गावांत अजूनही त्याला म्हातारचळ म्हणून सोडून दिले जाते. आलोईस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ मध्ये ज्या रुग्ण स्त्रीच्या मेंदूचे वर्णन मांडले, ती दवाखान्यात दाखल झाली तेव्हा जेमतेम पन्नाशीची होती. पेशींच्या बाहेर साचलेले अमायलॉइड प्रथिन आणि पेशींच्या आत टाऊ प्रथिनाचा झालेला गुंता ही अल्झायमरच्या आजाराची खूण आहे. नव्या आठवणी जिथे नोंदल्या जातात त्या हिप्पोकॅम्पसला आणि त्याच्या लगतच्या भागाला फटका लवकर बसतो. म्हणून लहानपणीच्या ओव्या तोंडपाठ राहतात आणि सकाळी कोण येऊन गेले ते आठवत नाही. अमायलॉइड लक्षणे दिसण्याच्या पंधरा-वीस वर्षे आधीपासून साचू लागते. शिवाय रक्तदाब आणि मधुमेह मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या नासवतात, आणि उतारवयात अनेकांच्या मेंदूत प्रथिनांचा साठा आणि रक्तवाहिन्यांचा बिघाड ही दोन्ही दुखणी एकत्र सापडतात. त्यामुळे स्मृतिभ्रंशाशी खरी लढाई पन्नाशीच्या माणसाच्या रक्तदाबापाशी, म्हणजे गावच्या उपकेंद्रात आहे, असे माझे ठाम मत आहे.

हा शहरी, सुखवस्तू लोकांचा रोग, आपल्याकडे मोकळी हवा आणि भरले घर असते, असे यावर म्हटले जाईल. पुरावा उलट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या भारतीयांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळले. शाळेचा इथे मोठा वाटा आहे. बिघाड तेवढाच असला तरी शिकलेला मेंदू अधिक काळ तग धरतो, लक्षणे उशिरा दिसतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. ते काम शिक्षणाचे होतेच. आजच्या ज्ञानानुसार ते मेंदूच्या आरोग्याचेही होते. पण माणदेशातल्या आणि जतकडच्या, आज पंचाहत्तरीत असलेल्या कितीतरी बायकांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. आणि भरले घर म्हणावे, तर ते उरले आहे कुठे? खटाव-माणचे लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले, विटा-आटपाडीचे गलाई व्यावसायिक सोन्या-चांदीच्या पेठा गाठत देशभर पांगले, आताची मुले पुण्यात आहेत. मागे राहिलेल्या आई-वडिलांशी पाच मिनिटे फोनवर बोलून विसर कळत नाही. आजाराच्या सुरुवातीला माणूस तेवढे बोलणे सहज निभावतो.

सांगलीची हळद रोज खाणाऱ्याला हा आजार होत नाही, हा समजही सोडायला हवा. हळदीतल्या कर्क्युमिनवर रुग्णांमध्ये प्रयोग झाले. आजार त्याने थांबतो असे त्यांतून सिद्ध झालेले नाही.

औषधच नाही तर निदान कशाला, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. अमेरिकेत २०२३ आणि २०२४ मध्ये पूर्ण मान्यता मिळालेली नवी औषधे सुरुवातीच्या टप्प्यात ऱ्हासाचा वेग थोडा कमी करतात, पण गेलेले परत आणत नाहीत, आणि त्यांचा खर्च सामान्य घराच्या आवाक्यातला नाही. तरी तपासणी लागतेच, कारण विसरणारा प्रत्येक जण अल्झायमरचा रुग्ण नसतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य यांतूनही असेच विसरायला होते, आणि त्यांवर स्वस्त उपचार आहेत. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा धोके मांडले. त्यांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा आहेत. हे धोके दूर झाले तर जगातले सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता किंवा लांबवता येतील, असा आयोगाचा अंदाज आहे. हा हिशेब समाजाचा आहे. एका माणसाला त्यातून हमी मिळत नाही. पण जिल्ह्याचे आरोग्य धोरण समाजासाठीच आखायचे असते.

त्यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. आशाताई जो अर्ज घरोघरी भरून घेतात, त्यात साठीपुढच्या माणसाला जवळच्यांची नावे किंवा घराचा पत्ता विसरता का, असा प्रश्न आधीच आहे. उत्तर ‘हो’ आले की पुढे काय, हे ठरायला हवे. सातारा आणि सांगलीच्या आरोग्य प्रशासनाने एवढे करावे: अशा प्रत्येक माणसाची बी-१२, थायरॉईड, साखर आणि कानांची तपासणी व्हावी, आणि जिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस स्मृतीचा बाह्यरुग्ण विभाग चालावा. मिरजेसारखे वैद्यकीय गाव हाताशी असलेल्या भागाला हे अशक्य नाही. तोवर चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक वाचकाने या महिन्यात रक्तदाब आणि साखर मोजून घ्यावी, आणि आई-वडिलांना कमी ऐकू येत असेल तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे.