आधी मोजा, मग उपसा

वसईच्या खाडीतून रेती किती काढायची हे आजवर नदीने किती रेती आणली यावरून ठरलेले नाही. बांधकामांची मागणी किती आणि लिलावात बोली किती चढेल, यावरूनच ते ठरत आले आहे. महसूल खाते रेती ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापात मोजते आणि त्यावर स्वामित्वधन आकारते. खाडीचा तळ किती खचला, यासाठी मात्र त्या हिशेबात रकाना नाही.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूर, कल्याणमार्गे ठाण्याजवळ येते आणि तिचा मुख्य प्रवाह घोडबंदरला वळसा घेऊन भाईंदर व नायगावच्या मधून समुद्राला मिळतो. या शेवटच्या, भरती-ओहोटीच्या पट्ट्याला वसईची खाडी म्हणतात. येथील रेती डोंगरातला दगड झिजून, पावसाळ्यामागून पावसाळ्यात, तळाशी घरंगळत आलेली आहे. उल्हासच्या उपनद्यांवर भातसा आणि बारवी ही धरणे झाल्यापासून या गाळाचा मोठा वाटा भिंतीमागेच अडतो. आवक आटलेली असताना उपसा वाढला की तळाला पडलेला खड्डा जागच्या जागी राहत नाही, त्याची वरची कड प्रवाहाच्या उलट दिशेने कोसळत जाते, काठ पायथ्यातून सुटतात आणि खारे पाणी पूर्वीपेक्षा आत शिरते. मिरा-भाईंदरला पाणी पुरवणारे स्टेम प्राधिकरण शहाडजवळ याच नदीतून पाणी उचलते, त्यामुळे नदीचा तळ हा केवळ रेतीवाल्यांचा विषय उरत नाही.

पाणजू बेटामुळे खाडीचे दोन फाटे होतात आणि पश्चिम रेल्वे ते दोन पुलांवरून ओलांडते. पुलाच्या खांबाभोवती प्रवाहाचा वेग वाढून तळ नैसर्गिकरीत्याही खरवडला जातो. पाया आखताना त्या खरवडीची जास्तीत जास्त खोली गृहीत धरलेली असते, पण शेजारी सक्शन पंपाने पाडलेला खड्डा त्या गणितात कोठेच नसतो. पुलांच्या दोन्ही बाजूंना सहाशे मीटरपर्यंत उपसा निषिद्ध आहे तो याच कारणाने. सावित्रीवरचा महाडचा पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरात वाहून गेला, तेव्हा वाळूउपशाचा त्यात वाटा किती यावर बराच वाद झाला. भाईंदरच्या पुलांवरून तर लोकल गाड्या दिवसरात्र धावतात, आणि तो वाद येथे अपघातानंतर घालण्यात अर्थ नाही.

कायद्याची उणीव नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये किनारपट्टी नियमन क्षेत्रातील उपशाला मनाई केली. केंद्राने 2011 मध्ये ती बंदी कायम ठेवून पारंपरिक किनारी समाजांना हाताने वाळूचे पट्टे काढण्यापुरती सवलत दिली. हीच हातपाटी-डुबी, म्हणजे पाण्यात बुडी मारून बादलीने रेती वर आणण्याची पद्धत. तिच्या परवान्याआड पंप आणि बार्ज चालतात, ही तक्रार जुनी आहे. मग छापे पडतात, गॅस कटरने बार्ज कापले जातात, काही जागीच बुडवले जातात (आणि खाडीच्या तळात रेतीऐवजी लोखंड साठते), त्याची छायाचित्रे प्रसिद्ध होतात. ही कारवाई आवश्यक असली तरी ती चोरी पकडते; अधिकृत परवान्याचा आकडा मुळात बरोबर होता का, हे तिला सांगता येत नाही.

तो आकडा पुनर्भरणाच्या अभ्यासातून यायला हवा. पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच ठरलेल्या आडव्या छेदांवर तळाची पातळी मोजायची, दोहोंतील फरकावरून नदीने किती भर घातली हे काढायचे आणि उपसा त्याच्या आत ठेवायचा, अशी ही सरळ पद्धत आहे. केंद्राच्या 2016 आणि 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत ती आहेच. पुनर्भरणाच्या अभ्यासाविना केलेला जिल्हा सर्वेक्षण अहवाल पर्यावरण मंजुरीला आधार ठरू शकत नाही, असे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले आहे.

उपशाच्या समर्थनार्थ नेहमी सांगितले जाते की खाडी खोल झाली म्हणजे पुराचे पाणी लवकर ओसरते. वरच्या गोड्या पाण्याच्या पट्ट्यात, गाळाने तुंबलेल्या एखाद्या वळणापुरते ते खरे असेल. पण भाईंदरला पाण्याची पातळी समुद्र ठरवतो, आणि खोल झालेल्या पात्रातून भरतीही अधिक जोमाने आत येते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की शहरातले नाले उलटे भरतात. त्या काही तासांत पाणी साठवतात ती मिठागरे, कांदळवन आणि काठालगतच्या सखल जमिनी. पाटबंधारे खात्याची निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा दाखवते, मात्र या रेषा नदीसाठी आखल्या जातात; भरती आणि पाऊस यांचा एकत्रित पूर दाखवणारी रेषा भाईंदरच्या विकास आराखड्याला लागते. रेती काढून काठ खचवायचे आणि त्याच काठामागच्या मिठागरावर भराव टाकायचा, हे दोन निर्णय वेगवेगळ्या कार्यालयांत होत असले तरी पाणी एकच आहे.

म्हणून ठाणे आणि पालघर या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी, मेरीटाइम बोर्ड, रेल्वे आणि महापालिका यांना एका समितीत घेऊन, गायमुख ते नायगाव या पट्ट्याचे संयुक्त तळमापन करावे आणि त्याचे नकाशे दरवर्षी जाहीर करावेत. पहिले दोन पावसाळे मोजून होईपर्यंत नवे रेतीगट लिलावात काढू नयेत. रेतीची टंचाई होईल ही भीती खोटी नाही, आणि दगड भरडून केलेली कृत्रिम वाळू हा त्यावरचा उपाय म्हणून राज्य सरकार पुढे करते आहे; परंतु तो दगड ज्या खाणींतून येणार, त्यांच्या खड्ड्यांतले पाणी आणि ओढ्यांत उतरणारी भुकटी यांचेही मोजमाप त्याच समितीकडे सोपवावे लागेल.