यंत्राने पाणी दाखवले, पण गोडे की खारे?



उन्हाळा तोंडावर आला की बोअरची जागा दाखवणाऱ्यांची गावात वर्दळ सुरू होते. आता पाणाड्याच्या नारळाबरोबर विजेचे यंत्रही येते. ते काय सांगते हे घरात सर्वांनी समजून घ्यावे, कारण कर्ज घराच्या नावावर चढते.

यंत्रवाला एका ओळीत चार खुंट्या ठोकतो. बाहेरच्या दोन जमिनीत वीज सोडतात, आतल्या दोनांवर मोजमाप होते. खुंट्यांतले अंतर वाढवावे तसे खोलचे कळते. आपल्याकडचा काळा पाषाण कोरडा असला तर विजेला फार अडवतो. फुटलेल्या पाषाणात पाणी भरले की अडवणूक घटते.

मात्र शुद्ध पाणीही वीज फारशी नेत नाही. नेतात ते त्यात विरघळलेले क्षार! थोड्याशा भेसळीने वाहकता पालटते ती अशी. पृथ्वीच्या पोटात शेकडो किलोमीटरपर्यंत ऑलिव्हिन नावाचे हिरवट खनिज आहे; आपल्या पाषाणातही ते थोडेफार असते. त्याच्या स्फटिकात हायड्रोजनचा नुसता अंश शिरला, तरी तिथल्या प्रचंड उष्णतेत तो जागा बदलत विद्युतभार पुढे नेतो. विरजणाच्या थेंबाने दूध पालटावे तसेच हे. त्यावरूनच शास्त्रज्ञ तिथल्या पाण्याच्या अंशाचा अंदाज बांधतात.

आता आपल्या रानाकडे वळू. पारनेरच्या माळावर अडवणूक कमी आली तर खाली पाणीदार खडक असण्याचा संभव बरा. प्रवरेच्या कालव्याखाली मात्र तसे धरून चालू नका. भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले, उसाला पाणी भरपूर मिळाले, आणि निचरा नसलेल्या काळ्या रानांत क्षार वर आले. खारे पाणी आणि ओली चिकणमाती दोन्ही वीज झटकन नेतात. यंत्राचा आकडा दोहोंना "पाणी" म्हणून बसतो!

म्हणून बोअर घेण्याआधी शेजारच्या विहिरीचे पाणी तपासून घ्या. मोटार थोडा वेळ चालू द्या, बाटली त्याच पाण्याने विसळा, मग भरा. अहवालात विद्युत वाहकता ०.७५ च्या आत असली तर बहुतेक पिकांना चालते. २.२५ च्या वर असली तर त्या रानात बोअरचा विचार सोडलेला बरा. जागा पाहण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयातही चौकशी करा.