शालेय कथालेखन आणि बोलीचा प्रश्न

मराठी कथेतील तंत्राचा वाद केव्हाच निकालात निघाला, अशी विद्यापीठीय समीक्षेची समजूत आहे. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’ (१९३१) मध्ये मांडलेल्या तंत्रविचाराची चौकट १९४५ नंतर गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या नवकथेने मोडली. शाळेत मात्र त्याहूनही जुनी चौकट शाबूत आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत कथालेखन म्हणजे बहुधा दिलेल्या मुद्द्यांचा विस्तार, वर शीर्षक आणि खाली तात्पर्य. घटना, शेवट आणि बोध आधीच ठरलेले असल्याने विद्यार्थ्याच्या वाट्याला केवळ सांधेजोड उरते.

रेवदंड्यासारख्या गावी ही मर्यादा विशेष जाणवते. कुंडलिकेच्या मुखाशी वसलेल्या या गावात पोर्तुगीज कोटाचे अवशेष आहेत, बेने इस्राएलांचे सिनेगॉग आहे, नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. परिसरात आगरी आणि कोळी बोली नांदतात. खाडीपलीकडील कोर्लईत तर पोर्तुगीजोद्भव बोली आजही बोलली जाते. घरात होडी, जाळी आणि वाऱ्याचे बोलणे रोज ऐकणारे मूल परीक्षेत मात्र अरण्यातील लाकूडतोड्याची गोष्ट लिहिते. त्यात एखादा आगरी शब्द उतरलाच, तर तो ‘अशुद्ध’ म्हणून खोडला जाण्याची भीती असते. येथे प्रश्न केवळ गुणांचा नाही. आपल्या घरचे बोलणे लिहिण्याजोगे नाही, हा धडा मूल त्यातून शिकते.

प्रमाण मराठी शिकविणे हे शाळेचे कर्तव्य आहे, हा आक्षेप रास्तच होय. परंतु निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत, ही व्यवस्था मराठी कथासाहित्याला अपरिचित नाही. माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ (१९४९) हे तिचे ठळक उदाहरण. दोहोंतील भेद जाणून लिहू लागलेल्या मुलाची प्रमाण भाषेची जाणही पक्कीच होईल.

यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहण्याचे कारण नाही. वर्गातील सरावापुरती तात्पर्याची अट काढावी. मुद्द्यांऐवजी एक स्थळ, दोन पात्रे आणि एक अडचण द्यावी. उदाहरणार्थ, पावसाळ्यात मासेमारी बंद आणि होडीची दुरुस्ती मात्र अडलेली. गोष्ट मोठ्याने वाचून घ्यावी. कोण बदलले आणि कशामुळे, हे वर्गमित्रांनीच विचारावे.

माध्यमिक शाळांतील मराठीचे कितीतरी शिक्षक विद्यापीठांच्या मराठी विभागांतूनच बाहेर पडतात. नवकथेवर प्रबंध लिहिणाऱ्याने बारा वर्षांच्या मुलाच्या वहीतील बोलीवर लाल रेघ ओढावी, ही विसंगती दूर करण्याची जबाबदारी म्हणूनच प्रथम या विभागांवर येते.